जुळलेली उत्तरं

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे कॉलेजात शिपायापासून सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी तर मी माझ्याच विद्यार्थिनीचा प्रबंध टेबलावर आपटला. सोलापुरातल्या विड्या वळणाऱ्या अकरा बायकांच्या तिनं घेतलेल्या मुलाखती त्यात होत्या, आणि त्यांतल्या सात जणींच्या तोंडी एकच वाक्य होतं: ‘हात चालू असला की मन शांत राहतं.’ फोनमध्ये आवाज रेकॉर्ड करू द्यायला बायकांनी नकार दिला होता म्हणे, त्यामुळे पुरावा काय तो वहीतला.

"घरी बसून लिहिलंस ना हे?" मी म्हटलं. "मी सही करणार नाही."

चार वर्षांची मेहनत माझ्या सहीवाचून अडली होती, तरी पोरगी रडली नाही. "मॅडम, सगळ्या माझ्याच गल्लीतल्या आहेत. चला आणि तुम्हीच विचारा," एवढंच म्हणाली. खरं सांगते, तिचा तो शांतपणाही मला खटकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो. ओट्यावर पाच-सहा जणी मांडीवर सूप घेऊन बसल्या होत्या. पानात तंबाखू भरायची, वळायची, दोरा गुंडाळायचा. आम्हाला बघूनही बोटं काही थांबली नाहीत. त्यांतल्या सर्वांत वयस्कर बाईंना मी ते वाक्य वाचून दाखवलं आणि हे कोणाचं, म्हणून विचारलं.

"माझंच की," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांनाबी मीच सांगितलं, हेच सांगा म्हणून."

"का?"

"ही घरात म्हनत होती, मॅडमनी शिकवलंय, लई जनींचं सारखं आलं की ते खरं धरायचं. मग आमी येगळं येगळं सांगून हिला नापास करायची व्हय? हितलीच पोर हाय ती."

पोरगी त्यांच्याकडे बघतच राहिली. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. आणि वर्गात ते फळ्यावर लिहून खाली दोन रेघा मारणारी मीच होते. मला हसू आलं आणि लाजही वाटली.

"पण मावशी, मन खरंच शांत राहतं का?" पोरीनं विचारलं.

त्यांनी सूप खाली ठेवलं. "कसलं शांत! थोरलीला शाळेतनं काढून हितं शेजारी बसवली हुती मी. हात चालू असला की तेच आठवतं बग."

शेजारची म्हणाली, तिला तसं काही होत नाही, तिची फक्त पाठ दुखते. तिसरी आणखी वेगळंच सांगू लागली. पोरीनं वही काढली आणि मी गुपचूप ओट्याच्या कडेला बसले.

तिनं सगळ्या मुलाखती पुन्हा घेतल्या. आधीची उत्तरं बायकांनी मायेपोटी कशी जुळवली होती, तेही प्रबंधात लिहिलं. कानामात्रा न बदलता मी सही केली.

त्या संध्याकाळी माळ्यावरून माझा स्वतःचा प्रबंध खाली काढला. मंद्रूपकडच्या शेतमजूर बायकांवरचा. उत्तरं किती जुळतात, म्हणून परीक्षकांनी माझी पाठ थोपटली होती. मी एका बागायतदाराच्या घरी उतरले होते, आणि त्यांच्याच शेतात राबणाऱ्या बायकांना तेच आपल्या ओसरीवर बोलावून आणायचे. मालक फार चांगले आहेत, असं सगळ्याजणींनी सांगितलं होतं. मी ते खरं धरलं, आणि पुन्हा विचारायला कधी गेलेच नाही.