पेव्हरवरची पालखी

आधी नमन रस्ता घडवणाऱ्या हातांना, मग त्या रस्त्याने येणाऱ्या देवाला. अंजूरच्या हिरामणाची कथा सांगायची तर नमनाचा क्रम हाच ठेवावा लागतो.

हिरामण दोन वाद्ये वाजवतो असे त्याची बायको हौसा म्हणते: सप्ताहात पखवाज आणि एरवी पेव्हरचा भोंगा. पेव्हर म्हणजे रस्त्यावर डांबर अंथरणारे यंत्र. पुढून डंपर त्याच्या पोटात वाफाळता माल ओततो, मागून तापलेली जड पाटी तो सपाट करीत जाते आणि या दोहोंच्या मध्ये, उंचावर, चालक. कशेळीपासून गोदामांकडे कंटेनर ज्या रस्त्यांवरून धावतात, त्यांतला बराचसा भाग हिरामणाच्या हातचा आहे.

माझ्या कीर्तनाला पखवाजाची साथ त्याचीच. त्याची बैठक पाहावी! पाठ ताठ, खांदे सैल, पखवाज असा जवळ ओढलेला की दोन्ही तोंडे दोन्ही हातांना आपण होऊन भेटावीत.

गेल्या वर्षीच्या सप्ताहात ती बैठक मोडली. पूर्वरंग संपतो न संपतो तोच त्याचा हात थांबला. त्याने पखवाज हलकेच बाजूला सारला, उठायला गेला तर कंबर अशी धरली की उठता येईना. दोघांनी काखेत हात घालून त्याला मंडपाबाहेर नेले. दुसऱ्या दिवशी तो मला म्हणाला, "बुवा, अजून एक साल बघतो. येत्या सप्ताहाला आख्खं कीर्तन बसून वाजवलं तर वाजवलं. न्हायतर पखवाज देवळात ठेवून देतो, कोनी दुसरा वाजवील." बोलताना तो पखवाजाकडे पाहत नव्हता.

औषधे झाली, शेक झाले, वज्रेश्वरीच्या ऊन कुंडांत स्नाने झाली. थोडे बरे वाटे. यंत्रावर चढला की कंबर पुन्हा धरे.

पावसाळा सरला, कामे सुरू झाली, आणि ठेकेदाराने मनालीला पाठवले. भिवंडीचीच ही तरुण इंजिनीअर. चालकाचे अंग यंत्रावर कुठे आणि कसे दुखते हे पाहायचे आणि यंत्रात तशी सुधारणा करायची, हे तिचे काम. आल्या आल्या तिने कशालाच हात लावला नाही. रस्त्याच्या कडेला उभी राहून नुसती हिरामणाला पाहत राहिली. त्या वाटेने जाताना मीही थांबलो. पाहतो तर हिरामण खुर्चीवर बसलेलाच नाही! एक पाय वर, एक पायरीवर; उजवा हात यंत्र चालवायचे दांडे बसवलेल्या मधल्या पॅनलवर आणि उरलेला सगळा देह डावीकडे बाहेर झुकलेला, डांबराची कड दिसावी म्हणून. पिळलेल्या धोतरासारखा माणूस!

"दादा, पॅनल डावीकडे का घेत नाही?" मनालीने विचारले. "ते रुळावर सरकतं. खुर्चीसुद्धा बाहेर फिरते. कड बघायला तुम्ही वाकायचं नाही, पॅनलनं तुमच्याजवळ यायचं."

रोलर चालवणारा काळूराम वरूनच हसला. "सरकंल कसं, मॅडम? वेल्डिंग मारलंय."

"कोणी?"

"मीच," हिरामण म्हणाला.

तेव्हा उलगडा झाला. यंत्र नवे आले त्या दसऱ्याला त्याने पॅनलवर वज्रेश्वरीची तसबीर बसवली, पुढे नारळ ठेवला. काम सुरू होताच पॅनल सरकले आणि नारळ घरंगळून खाली गेला. देवीचे ठाणे हलले! हिरामण हबकला. त्याने रुळाला वेल्डिंग मारून पॅनल मधोमध कायमचे जखडून टाकले. देवी स्थिर झाली, आणि तेव्हापासून हा भक्त तिला धरून स्वतःलाच पिळत राहिला.

मनालीने वेल्डिंग कापायला ग्राइंडर मागवला तसा तो आडवा आला. "खुर्ची बदला, गादी बदला. पन ते ठाणं हाय. त्याला हात लावायचा न्हाय."

"तसबीर दुसरीकडे लावू या?"

"बसली तिथं बसली, मॅडम."

हौसा डबा घेऊन आली होती. सगळे ऐकून तिने डबा पायरीवर आपटला. "अवो, चैताला वज्रेश्वरीची पालखी निगते, तवा खांदा कोन देतो?"

"मी देतो की."

"मंग देवी हलते का न्हाय? देवळातली आई खांद्यावर बसून गाव फिरते, आन तुमची तेवढी वेल्डिंग करून बसवायची? इचारलंत का कवा तिला, बाई, तुला बी जरा कड बघायचीय का म्हनून?"

काळूरामाने रोलरवर बसल्या बसल्या टाळी वाजवली. हिरामणाने माझ्याकडे पाहिले. "बुवा?"

"पालखी हलली म्हणून कोणी घाबरतं का, हिरामणा?" मी म्हणालो. "जयघोष करतात."

हिरामणाने चपला काढल्या, तसबिरीपुढे डोके टेकवले, नारळ हौसाच्या ओंजळीत दिला आणि ग्राइंडर स्वतःच्या हातात घेतला. ठिणग्या उडाल्या, सांधा तुटला, रूळ मोकळा झाला!

मनालीने रुळाला ग्रीस दिले. खुर्ची बाहेर फिरवून दिली, खाली धक्के पिणारे रबर बसवले, पायांना टेकू दिला, दांडे कोपराच्या उंचीला आणले. शेवटी तसबिरीपुढे लोखंडी कडे लावून घेतले. "हे नारळासाठी," ती म्हणाली. "आता तो घरंगळणार नाही."

मग हिरामण बसला. पाठ ताठ, खांदे सैल. त्याने पॅनल डावीकडे लोटले आणि नारळासह, हारासह, वज्रेश्वरी सरसरत कडेला आली! काळूराम ओरडला, "आई माऊलीचा..." आणि फावडी उंचावून सगळ्या गड्यांनी साथ दिली, "उदो! उदो!" पेव्हर चालू लागला. कड दिसत होती, वाकावे लागत नव्हते. दांडे हातांना भेटत होते, जशी पखवाजाची तोंडे भेटतात. काय ते चालणे! माल पडत होता, पाटी फिरत होती, मागे काळा रस्ता उलगडत होता आणि पुढे देवी बसली होती, भक्ताच्या जोडीने कड न्याहाळीत.

कंबर काही त्याच दिवशी सुटली नाही. थंडीभर हळूहळू सुटत गेली. घरी पखवाज पुन्हा बोलू लागला. आधी थोडा, मग शेजारी हौसाकडे गाऱ्हाणे घेऊन येतील इतका.

आणि सप्ताह आला. मी कीर्तनाला उभा राहिलो, तो पखवाजाला बसला. पूर्वरंग संपला, मंडपातल्या सगळ्यांचे डोळे त्याच्या हातांवर. हात थांबले नाहीत. कथा झाली, गजर झाला. टाळ चढले, पखवाज चढला, आवाज देवळाच्या कळसापर्यंत चढला. माझा गळा बसला. मी आरतीला हात जोडले, तरी पखवाज घुमतच होता.

"बुवा, अजून एक गजर घ्या," हिरामण म्हणाला. घामाने न्हालेला, पाठ ताठ. "मी बसलोय."

बायकांतून हौसाचा आवाज आला, "गेल्या साली उठवत न्हवतं, औंदा उठत न्हाईत!"

मंडप हसला, आणि त्या हसण्यावरच मी नवा गजर उचलला.