अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक

आमचे हे न्हावी होते. बंदराच्या गेटासमोर दुकान, आत दोन खुर्च्या, त्यातली एक कायम मोडकी. हे गेले त्याला आता दोन महिने होतील. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, पेपर वाचत बसले होते, तसेच गेले. कोणाला त्रास दिला नाही. स्वभावच तसा, बाहेरच्या माणसाला त्रास द्यायचा नाही. घरच्यांची गोष्ट वेगळी.

गेटाच्या अलीकडे खलाशीघर आहे. दोन खोल्या, लोकांच्या देणगीवर चालतं. लांबलांबच्या जहाजांवरचे लोक तासभर उतरले की तिथं येतात, फोन चार्जिंगला लावतात, घरच्यांशी बोलतात, जुन्या सोफ्यावर जरा पाय पसरतात. चहा फुकट. थंडीच्या टोप्या, जुने पण धुतलेले कोट, तेही फुकट. तिथल्या मॅडम एकदा यांच्या दुकानात आल्या आणि म्हणाल्या, काका, किती जहाजांवरच्या माणसांना खाली उतरायची परवानगीच मिळत नाही, केस वाढून डोळ्यात जातात त्यांच्या, तुम्ही वर याल का?

आता यांची गंमत सांगते. घरात माळ्यावरचा डबा काढायचा असला तर हे स्टुलावर चढायचे नाहीत, मला चढवायचे. मी म्हटलं, "अहो, स्टुलावर पाय लटपटतात तुमचे, आणि जहाजाची ती हलणारी शिडी चढणार?"

तर म्हणे, "स्टुलाला कठडा नसतो."

गेले. पहिल्या दिवशी शिडी चढताना डोळे मिटले होते असं मॅडम सांगतात, हे कधी कबूल करायचे नाहीत. पण मग दर आठवड्याला जायला लागले. डेकवर वारा नसेल तो कोपरा बघायचा, घडीची खुर्ची मांडायची, पेटी उघडायची. पेटी सासऱ्यांची, लाकडी, कोपऱ्यांना पितळ. पहिलं डोकं नेहमी स्वयंपाक्याचं. कप्तान रांगेत उभा असला तरी पहिला स्वयंपाकी. यांचं म्हणणं, स्वयंपाकी खुर्चीत बसून बडबड करायला लागला तर जहाजावर सगळं ठीक आहे. गप्प बसला तर कोठीत काही नाही. मग हे येऊन मॅडमना सांगायचे आणि दुसऱ्या दिवशी खलाशीघराच्या गाडीतून तांदूळ, कांदे, तेल जायचं. भाषा येत नव्हती एकाचीही. घरात यांच्या तोंडातून चार शब्द काढायला मला मोर्चा काढावा लागायचा, आणि तिथं म्हणे सगळ्यांशी गप्पा!

अजून एक सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. सासऱ्यांची शिस्त होती, गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनं खुर्चीतून उठता कामा नये. काही होवो, पुरी करूनच उठवायचं. आमच्या थोरलीच्या वेळी मला दवाखान्यात नेलं, यांना निरोप गेला, तर हे एका माणसाची दाढी पुरी करून मग आले. तोवर थोरली येऊन रडून झोपलीसुद्धा होती. मी अजून ऐकवते त्यावरून. ऐकवत होते, म्हणायला पाहिजे आता.

तर मागच्या वर्षी एक जहाज लांबच्या धक्क्याला येऊन अडकलं. मालकानं हात वर केले. फोन उचलेना, डिझेल नाही, धान्य नाही, आणि कायद्यानं माणसं जहाज सोडून जाऊ शकत नाहीत. खलाशीघराची माणसंच पाणी, किराणा आणि जनरेटरपुरतं डिझेल पोचवत होती. हे गेले तिथं पेटी घेऊन. स्वयंपाकी पहिला बसला, तो गप्प. या स्वयंपाक्याला आपल्या भाषेतले थोडे शब्द येत होते, त्यातल्या निम्म्या शिव्या. केस कापून झाले, पण तो काही उठेना. यांनी खांद्यावर हात ठेवला तसा म्हणाला, "इंजिनवाला. जेवत नाही."

इंजिनवाला म्हणजे जहाजावरचं छोटं जनरेटर चालवणारा माणूस. धिप्पाड, छातीपर्यंत दाढी. घरी जाईन तेव्हाच दाढी काढीन असं त्यानं ठरवलेलं. आणि खोलीतून बाहेर येत नव्हता. यायचा तो फक्त मशीन चालू करायला, की परत खोलीत. सगळे समजत होते, घरच्या आठवणीनं खचलाय.

हे त्याच्या खोलीत गेले. मॅडम मागे होत्या, त्यांनीच मला सगळं सांगितलं. यांनी नुसती कात्री दाखवली. त्यानं मान हलवली, नको. यांनी वस्तरा दाखवला. नको. मग हे त्याच्या बाजूला बिछान्यावर बसले आणि पेटीतून टॉवेल काढला, थर्मासमधल्या गरम पाण्यात पिळून स्वतःच्याच तोंडावर ठेवला. डोळे मिटून आरामात बसले, हा कोण, आपण कुठं, काही नाही. बराच वेळ. शेवटी तो माणूसच वैतागला आणि टॉवेल ओढून घेऊन स्वतःच्या गालावर धरला, ती ऊब त्याला सोडवेना.

मग काय, घरी जाईपर्यंतचं ते ठरवलेलं विसरून बसला खुर्चीत. डेकवर सगळे गोळा झाले. यांनी डावी बाजू केली, छान गुळगुळीत. उजवीकडं साबण लावायला बोटं गेली आणि तो माणूस असा ओरडला की वरचे पक्षी उडाले. यांनी दाढी हळूच बाजूला केली. जबडा सुजून दगड झालेला. दाढ किडून आत पू झाला होता आणि सूज गळ्याकडं उतरत होती. दाढीत झाकलं होतं त्यानं सगळं. चावता येत नव्हतं म्हणून जेवत नव्हता, आणि अंगात ताप.

मॅडम म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता दवाखाना. तो म्हणाला, नाही. स्वयंपाक्यानं तोडकंमोडकं समजावलं, की हा उतरला तर गेटवरचे साहेब परत चढू देणार नाहीत. मग मशीन कोण चालवणार? पंप बंद, चूल बंद, दिवा बंद. बाकीचे अंधारात बसणार. मॅडमनी पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. तो खुर्चीचे हात धरून बसला, हलेना.

हे इतका वेळ वस्तरा हातात घेऊन उभे. मग पुसला, पेटीत ठेवला, पेटी बंद केली आणि त्याच्या पायाशी ठेवली. स्वयंपाक्याला म्हणाले, "त्याला सांग. आमच्यात अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक उठवत नाहीत. आज पहिल्यांदा उठवतोय. ही पेटी इथंच राहील. तो येईल, उरलेली करीन, मग पेटी घेऊन जाईन. तोवर दुसरा वस्तरा हातात धरणार नाही."

स्वयंपाक्यानं काय सांगितलं देव जाणे, त्यात दोन शिव्या नक्की असणार. पण तो माणूस पेटीकडं बघत राहिला आणि उठला.

हे घरी आले मोकळ्या हातांनी. मी विचारलं, पेटी? म्हणाले, जहाजावर.

"मग उद्या दुकान?"

"बंद."

"अहो, दुसरा वस्तरा आणा की बाजारातून!"

"शब्द दिलाय."

"मग जेवायला तोच वाढू का, तुमचा शब्द?"

म्हणाले, "थोडा वाढ. भूक नाही."

मी चिडले. दुसऱ्या दिवशी तावातावानं खलाशीघरात गेले, मॅडमशी भांडायला. त्या बिचाऱ्या फोनवर, एकीकडं गेटवाल्यांशी, एकीकडं डॉक्टरांशी. बंदरातल्या एका निवृत्त मेकॅनिकला विनवून जहाजावर पाठवलं होतं, मशीन बंद पडू नये म्हणून. मला बघून म्हणाल्या, "काकू, बरं झालं आलात. त्याला चावता येत नाही. काही पातळ करून न्याल?"

भांडण राहिलं बाजूला. मी भात आणि भाज्या मऊ शिजवून, गाळून, डब्यातून दवाखान्यात नेलं. वॉर्डात शिरले आणि मला हसू आवरेना. एवढा आडदांड माणूस, एका गालावर खुंट, दुसऱ्या गालावर जंगल, आणि डोक्याभोवती पट्टी बांधून वर गाठ. दाढ काढून आतून चिरा दिला होता. मी हसले तसा तोही हसायला गेला आणि कळवळला. मी म्हटलं, "गप बस बाबा, माझ्यामुळं टाके तुटायचे." चमच्यानं भरवलं. लहान पोरासारखं खाल्लं त्यानं, डब्याच्या कडेचंसुद्धा.

रोज जायला लागले मी. आणि मग मॅडमनी एक दिवस चांगली बातमी आणली. त्याच्या देशाच्या कचेरीनं तिकीट दिलं होतं, दवाखान्यातून थेट घरी. आजारी म्हणून त्याला एकट्याला सोडत होते. त्यानं फोनमध्ये आपल्या भाषेत काहीतरी बोलून पडदा आमच्यापुढं धरला, आमच्या भाषेत लिहून आलं होतं, बाकीचे?

मॅडम म्हणाल्या, बाकीच्यांचं चालू आहे, वेळ लागेल.

मी म्हटलं, "जा बाबा तू. आई असेल ना वाट बघत? पेटीचं काय घेऊन बसलास, लाकूड ते. आणतील हे खाली."

त्यानं परत फोन धरला. लिहून आलं होतं, मी गेलो तर प्रत्येक जण आपला नंबर कधी लागतो ते बघत बसेल. शेवटी एकटा राहील त्याचं काय?

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. मला रागच आला खरं सांगायचं तर. त्याच्या आईच्या वतीनं आला. पण आमच्याकडंही असाच एक बसला होता, मोकळ्या हातांनी, बंद दुकानात. मी डब्याचं झाकण उघडलं आणि चमचा पुढं केला.

परत चढायची परवानगी काढताना मॅडमच्या चपला झिजल्या. शेवटी मिळाली. गेटवरच्या साहेबांनी पासवरचा फोटो बघितला, त्याचं तोंड बघितलं, परत फोटो बघितला. म्हणाले, "हा अर्धाच जुळतोय."

हे शेजारी उभे होते. म्हणाले, "साहेब, अर्ध्याला सोडा. पुरा करून दाखवायला आणतो."

साहेबांनाही हसू आलं, शिक्का मारला.

पुढं दोनेक महिन्यांनी ते सगळे एकदमच आपापल्या घरी गेले, खलाशीघरानं पाठ सोडली नाही म्हणून. पण यांनी मला ते कधी सांगितलं नाही. हे सांगायचे ते शिक्का मिळाला त्या दिवशीचं. शिडीवरून वर गेले तर सगळे रांगेत उभे. खुर्ची मांडली, उजवी बाजू केली, इतक्या हलक्या हातानं की त्यालाच कळेना कधी झाली. मग स्वयंपाक्यानं ताट आणून त्याच्या मांडीवर ठेवलं. भाकरीचा तुकडा घेतला त्यानं, डावीकडं नेला, आणि सगळे त्याच्या तोंडाकडं बघत उभे राहिले.

पेटी घेऊन घरी आले तेव्हा मी विचारलं, काय झालं? चप्पल काढता काढता म्हणाले, "चावून खाल्लं गं त्यानं. पूर्ण ताट."

आणि मला म्हणाले, "वाढ आता. मलाही भूक लागलीय."