ती बाई कुठे बसते

पंचायत समितीत आस्थापनेचं, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या रजा-सेवापुस्तकांचं, टेबल एका जुन्या कारकुनांकडे होतं, पण 'आस्थापना' हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. काम अडलं की चष्मा कपाळावर सरकवून ते म्हणायचे, "मी काय करणार भाऊ? एस्टॅब्लिशमेंटचा प्रश्न आहे." जणू ही एस्टॅब्लिशमेंट जळगावात कुठल्या तरी वरच्या मजल्यावर बसत होती. आम्ही शिक्षक मुकाट्याने परतायचो.

सातपुड्याच्या पायथ्याकडून एक म्हातारी यायची. तिचा शिपाई नवरा वारला होता आणि त्याच्या सेवापुस्तकात वारस म्हणून तिचं नाव लागायचं होतं. तिलाही दर खेपेला एस्टॅब्लिशमेंटचंच उत्तर मिळायचं. चौथ्या खेपेला तिने विचारलं, "भाऊ, ती बाई कोठे बसस? मी तिना पाय धरसू."

 त्यांनी स्वतःच्याच खणातून ते सेवापुस्तक काढलं, नाव लिहिलं, साहेबांची सहीही स्वतः जाऊन आणली. परत येऊन हळूच म्हणाले, "अक्का, ती मीच शे."

मी शेजारीच उभा होतो, रजेचा अर्ज घेऊन. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.