‘कारण’ नावाचा रकाना

त्या वर्षी मी दुबईजवळच्या रास अल खैमातल्या एका टाइल्सच्या कारखान्यात, तिथल्या दवाखान्यात नर्स होते. मुलगी नववीत होती. तिच्या इतिहासाच्या प्रोजेक्टसाठी आम्ही दोघी लंडनमधल्या एका पॅरिशची, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या वस्तीची, दीडशे वर्षांपूर्वीची मृत्यूनोंद वाचत बसलो. नाव, वय, गल्ली, कारण. कितीतरी तान्ह्या मुलांपुढे कारण म्हणून चक्क ‘दात येणे’ लिहिलेलं.

“नोबडी डाइज ऑफ टीथिंग, ममा,” मुलगी म्हणाली. मग तिनेच शोधून काढलं, की त्याच वयात मुलांना वरचं दूध, पाणी सुरू व्हायचं आणि ते घाण असायचं. एकेका गल्लीतली पोरं पाठोपाठ गेलेली दिसत होती.

दुसऱ्या दिवशी मी माझं रजिस्टर काढलं. भट्टीवरचे कामगार चक्कर येऊन पडायचे, मी सलाइन लावून कारण लिहायचे, ‘उष्णता’. त्यांच्यातला एक जण नुकताच दगावला होता. त्याच्या कागदावर ‘हृदयक्रिया बंद’ एवढंच होतं. पण उकाडा तर भट्टीच्या चारही बाजूंना होता. मग पडणारे जवळपास सगळे भट्टीच्या मागच्या बाजूचेच कसे?

त्याच आठवड्यात तिथला एक तेलंगणाचा कामगार सलाइनवर होता. पाणी पितोस ना, असं मी त्याला हिंदीत विचारलं. आधी हो म्हणाला. जरा वेळाने तोंड फिरवून म्हणाला, “सिस्टर, पानी पिएगा तो बाथरूम जाना पड़ेगा.”

बाथरूम पार गेटापाशी होतं. जाऊन येईपर्यंत फोरमन कामचुकार म्हणून नाव लिहून घ्यायचा, म्हणून ही माणसं सकाळपासून पाणीच टाळायची. त्यांच्या शेजारी कूलर आहे, एवढं पाहून मी निर्धास्त राहिले होते. मला माझीच लाज वाटली.

कोण कुठे पडलं, त्याच्या खुणा करून मी कारखान्याचा नकाशा काढला आणि घाबरतच मॅनेजरकडे गेले. त्यांनी बराच वेळ कागद पाहिला. मग भर दुपारी स्वतः भट्टीपासून बाथरूमपर्यंत चालून आले. शर्ट घामाने चिंब. “खलास,” म्हणाले, म्हणजे तिकडच्या बोलीत ‘ठरलं’. “भट्टी के पीछे ही बनाएंगे.”

महिन्याभरात तिथे दोन बाथरूम झाली, नाव लिहिणंही थांबलं. पुढच्या उन्हाळ्यात चक्कर येऊन कुणी आलंच, तर क्वचित.

तो तेलंगणाचा कामगार एकदा दारात दिसला, तेव्हा मी सलाइनच काढायला घेतलं. पण त्याला फक्त बीपी तपासून हवं होतं. सुट्टीवर घरी निघाला होता, आणि ‘तब्येत ठीक आहे’ या नुसत्या शब्दावर बायकोचा विश्वास बसत नाही म्हणाला. मी आकडा चिठ्ठीवर लिहून, खाली सही करून दिली.