चार आडनावं

‘आडनाव काय तुझं?’

मॅडमनी आधी श्वेताला विचारलं. मग तिच्या बाजूच्या दोघींना. मग मला. मी सांगितलं. बोट माझ्यावर थांबलं.

‘तू ये. खेळाडूंच्या टॉयलेटमध्ये कोणीतरी उलटी केलीय. सफाईवाली आलेली नाही. दहा मिनिटांत परदेशी टीम येतेय. पटकन साफ कर.’

मी म्हटलं, ‘मॅडम, माझी ड्यूटी टार्गेटवर आहे.’

‘तुमच्या लोकांना सवय असते गं. या मुलींना नाही जमणार.’

प्रेमानं म्हणाल्या. गं लावून. माझ्या हातात पोछा दिला आणि वळल्या.

मी गेले. हे लिहायला सगळ्यात जड जातंय. मी गेले आणि ती उलटी पुसली. पोछा धुतला, पिळला, परत पुसलं. बाहेर आले तर चाळीस स्वयंसेवक आपापल्या जागी उभे. सगळ्यांच्या अंगात तोच निळा टी-शर्ट. माझ्याही.

मी बार्शीटाकळीची. बाबा अकोल्याला डेपोत मेकॅनिक. बस दुरुस्त करतात, नखांतलं काळं कधी जात नाही. मी अमरावतीला शारीरिक शिक्षणाची पदवी करायला आले आणि धनुष्य हातात घेतलं. चार वर्षं तिरंदाजी केली. राज्यापर्यंत गेले. मग खांदा गेला. तिरंदाजीच्या सरांनी सांगितलं, पंच हो. त्यासाठी मैदानावर काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं. तेवढ्यात अमरावतीत ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा आली. दहा-बारा देशांचे खेळाडू. मी सगळ्यात आधी नाव दिलं.

महिनाभर उन्हात राबलो. चुन्याच्या रेघा मारल्या, अंतरं मोजली, टार्गेटचे जड ठोकळे उचलून लावले. फुकट. कोणी जबरदस्ती केली नव्हती. मर्जी माझी होती. मॅडमनी आडनाव ऐकलं आणि माझ्या मर्जीचा हुकूम झाला.

मॅडम संयोजन समितीच्या. शहरात मोठं घराणं. आमच्याशी पुस्तकातलं मराठी बोलायच्या. मी श्वेताला ‘मले दे न ते पट्टी’ म्हटलं तर सगळ्यांसमोर बोलल्या, ‘पाहुण्यांसमोर असलं बोलायचं नाही.’ पाहुण्यांना मराठीच येत नव्हतं. आणि स्वतःच्या ड्रायव्हरशी मॅडम माझ्यासारखंच बोलायच्या. ते मी माझ्या कानांनी ऐकलंय.

कोणी म्हणेल, सफाईत काय कमीपणा? काहीच नाही. होस्टेलवर माझा संडास मीच घासते. त्या दिवशी मॅडमनी चौघींना हाक मारून विचारलं असतं, ‘कोण करतं?’ तर कदाचित मीच पुढे झाले असते. त्यांनी तसं विचारलं नाही. त्यांनी आडनाव विचारलं.

दुसऱ्या दिवशी एका परदेशी कोचनं मला वाऱ्याबद्दल विचारलं. दुपारनंतर इथे वारा कुठून फिरतो ते मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगत होते. तो वहीत लिहून घेत होता. मॅडम मध्ये आल्या. हसून त्याला म्हणाल्या, ‘हाउसकीपिंग.’ त्यानं माझ्याकडे पाहिलं. वही मिटली. थोड्या वेळानं वॉकीटॉकीवर आवाज आला, ‘ती बाथरूमवाली पाठवा.’ आमच्यातलीच पोरं हसली.

मी परत गेले. दुसऱ्यांदा.

संध्याकाळी बाबांना फोन लावला. वाटलं, ते म्हणतील, जाऊ दे पोरी. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग विचारलं,

‘तू केलं?’

‘हो.’

‘दुसऱ्या दिवशी बी?’

‘हो.’

मग म्हणाले, ‘तुह्या आज्यानं मेलेली ढोरं ओढनं बंद केलं, तवा गावानं त्याले विहिरीवर येऊ देल्लं नाही. दोन कोसावरून पानी आनलं त्यानं. तुले तं फक्त नाही म्हनाचं होतं. काहून नाही म्हटलं?’

त्यांनी फोन ठेवून दिला. बाबा माझ्यावर कधी आवाज चढवत नाहीत. त्या दिवशीही चढवला नव्हता. म्हणूनच जास्त लागलं.

तिसरा दिवस अंतिम सामन्यांचा. सकाळी टार्गेटजवळ आम्ही नऊ-दहा जण उभे होतो. मॅडम आल्या.

‘तू. टॉयलेट बघून घे आधी.’

‘नाही.’

‘काय?’

‘नाही करत मी. मले टार्गेटवर नेमलं हाय. आडनाव पाहून काम सांगाचं असन तं मी नाही करत. आन् दुसऱ्या कोनालेबी असं सांगू नका.’

मी टार्गेटजवळून हलले नाही.

‘सर्टिफिकेट मिळणार नाही तुला.’

‘नका देऊ.’

‘काय समजतेस गं स्वतःला?’

‘तुमच्याएवढीच मानूस समजतो.’

त्यांनी गार्डला बोलावलं. त्यानं माझ्या गळ्यातलं ओळखपत्र काढून घेतलं. श्वेता खाली बघत होती. सगळेच खाली बघत होते. स्वयंसेवकांना मागच्या दारानं जायचा नियम होता. मी मुख्य दारानं निघाले, पाहुण्यांच्या स्टेजपुढून. कोणी अडवलं नाही.

होस्टेलवर बसून समितीकडे तक्रारीचा अर्ज लिहिला. मॅडमचं प्रत्येक वाक्य जसंच्या तसं. सर म्हणाले, ‘मागं घे. परदेशी पाहुणे आले होते, शहराची बदनामी होईल.’ म्हणजे मॅडमच्या तोंडानं शहराची बदनामी होत नाही. माझ्या अर्जानं होते!

अर्ज द्यायच्या आधी श्वेता म्हणाली होती, ‘ऐकलं मी सगळं. पन साक्षीले माह्यं नाव नको टाकू.’

मी टाकलं. पहिलं आडनाव तिलाच विचारलं होतं, तिच्याइतकं कोणी जवळ नव्हतं. आता ती माझ्याशी बोलत नाही. न बोलू दे.

गेल्या आठवड्यात समितीचा एक माणूस बार्शीटाकळीला आमच्या घरी येऊन गेला. चहा प्याला. म्हणाला, प्रमाणपत्र देतो, पंच परीक्षेसाठी शिफारसही करतो. पोरीनं फक्त ‘गैरसमज झाला होता’ एवढं लिहून द्यावं. बाबांनी त्याच्यासमोरच मला फोन लावला. म्हणाले, ‘तूच सांग याले.’

मी सांगितलं. पंच परीक्षा मी देणार, तुमच्या शिफारशीशिवाय देणार. जितक्या वर्षांनी होईल तितक्या वर्षांनी. आणि गैरसमज कोणाचाच झालेला नाही. मॅडमना जे म्हणायचं होतं तेच त्या म्हणाल्या, आणि मला ते बरोबर समजलं. चौकशीला बोलवा. मी येते. अर्ज मागं घेणार नाही.