उसनी जीभ

माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. ही वही कुणाच्या हाती पडलीच तर सांभाळून घ्यावं. वहीच्या पहिल्या आठ पानांवर पिळाच्या पावाचं माप आहे. खरं तर एका पानात मावलं असतं, पण बाई अधूनमधून त्यात काहीतरी बदलायच्या आणि मला नवीन पान घ्यायला लावायच्या. पुढची पानं कोरी राहिली. त्यांवर बाईंनाच लिहून ठेवते.

बाई पावाला कान लावायच्या. पाव ओव्हनमधून काढला की फडक्यात धरून उलटा करायच्या, त्याच्या पाठीवर बोटानं टकटक करायच्या आणि डोळे मिटून ऐकायच्या. दवाखान्यात डॉक्टर छातीला नळी लावतात ना, तसं. मग म्हणायच्या, "अजून पाच मिनिटं." किंवा, "झाला."

मला पहिल्यांदा हसू आलं होतं. भाकरी भाजली की नाही हे आम्ही वासावरून सांगतो, अगदी मागच्या खोलीतूनसुद्धा. भाकरीला कान कोण लावतं?

बाई शाळेत विज्ञान शिकवायच्या, तिथूनच निवृत्त झालेल्या. मंगळवार पेठेत एकट्या राहायच्या. मी उचगावहून बसनं जायचे, धुणंभांडी आणि स्वयंपाक करायचे. मी फार बोलत नसे. बाईंना मात्र सगळ्याचं कुतूहल. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याला कोथिंबिरीची जुडी घेतानाही प्रश्न पडतो. "तुमच्या गल्लीत रात्री पहिलं कुत्रं कुठलं भुंकतं गं? रोज तेच भुंकतं का?" असं त्यांनी मला एकदा विचारलं. मी दोन रात्री जागून लक्ष ठेवलं. रोज तेच भुंकत होतं. सांगितल्यावर बाई इतक्या खूश झाल्या की मला वाटलं, आपण काहीतरी मोठं काम केलं.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. पीठ उन्हात ठेवायचं असो की कपाटात, मैद्यात ज्वारीचं पीठ घालायचं असो, आधी तेच. "बघूया की, काय हुतंय ते."

पाव असा करायचा. मैदा, मीठ, यीस्ट, कोमट पाणी, तेल मळून झाकून ठेवायचं. फुगलं की मोठी पोळी लाटायची, तिला कांदा-लसणाची चटणी तेलात कालवून लावायची, वर कोथिंबीर. गुंडाळी करून ती लांबीत मधोमध चिरायची आणि दोन्ही पट्ट्यांचा एकमेकींवर पीळ घालायचा. हा पीळ बाईंच्या हातून सुटायचा. मी रोज सकाळी माझ्या दोन पोरींच्या वेण्या घालते, मला पहिल्याच दिवशी जमला. बाई बघत राहिल्या. म्हणाल्या, "मी एवढी शिकले, पण मला कधी कुणाची वेणी घालावी लागली न्हाय बघ."

दर गुरुवारी चार वाजता त्यांच्या मैत्रिणी यायच्या. त्यातल्या दोघींचं सांगते. एक मगदूमकाकू, जैन, कांदा-लसूण न खाणाऱ्या. त्यांच्यासाठी तीळ आणि हिरव्या मिरचीचा छोटा पाव वेगळा. दुसऱ्या सिस्टर. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, अजून सगळे सिस्टरच म्हणतात. त्या गल्लीच्या तोंडाशी बोलू लागल्या की आम्ही चहाचं आधण ठेवायचो.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायचे. बाई दर वेळी म्हणायच्या, बस की. मी दर वेळी म्हणायचे, बरी हाय मी.

हे पाव सुरू झाले त्याच्या आदल्या वर्षी बाईंना मोठा ताप आला होता. त्यानंतर एकदा गॅसचं बटण चालू राहिलं, शेगडी पेटलेली नव्हती. शेजारच्यांना वास आला म्हणून वाचल्या. पुण्याचा मुलगा धावत आला. त्याला वाटलं आई विसरली. तो चांगला आहे, पण जाताना बजावून गेला, "आई, परत असं काही झालं तर मी तुझं ऐकणार नाही. हे घर बंद आणि तू पुण्याला." तो ओव्हनही त्यानंच पाठवला, गॅसपाशी कमी जावं म्हणून.

पुढं एका सकाळी मी गेले तर बाई चहा पीत होत्या. पातेल्यात बघितलं तर दूध फाटलेलं, आंबट वास येत होता.

"बाई, दूध नासलंय की."

त्यांनी कपाकडं बघितलं. अर्धा संपला होता. "असं व्हय," म्हणाल्या. कप खाली ठेवला. मला तेव्हा कळलं पावाला कान का लावतात ते. तापानंतर त्यांचा वासही गेला होता आणि चवही. गॅस त्या विसरल्या नव्हत्या, त्यांना तो कळलाच नव्हता.

"कुणाला बोलू नकोस," त्या म्हणाल्या. "सिस्टरला कळलं की पुण्याला कळणार. आणि पुण्याला कळलं की मी गेले. तिथं चौदाव्या मजल्यावर बसून मी काय बघू?" मग हसल्या. "आपण वाटीभर साखर उसनी आणतो न्हवं? तशी तुझी जीभ मला उसनी दे."

तेव्हापासून पीठ मळायच्या आधीच चटणी तेलात कालवायची, मी बोट लावून चव बघायची आणि पिठात मीठ किती घालायचं ते सांगायचं. बाई मान हलवायच्या आणि वहीत लिहायला लावायच्या. मैत्रिणी म्हणायच्या, हात काय बसलाय हिचा. मला दारात उभ्या उभ्या बरं वाटायचं.

मग एका गुरुवारी संकष्टी आली.

माझा संकष्टीचा उपास असतो, चंद्र दिसेपर्यंत. त्या दिवशी चटणीही नवीन होती, बाईंच्या भावजयीनं नेसरीहून पाठवलेली. बाईंनी वाटी पुढं केली. मी उपास आहे म्हणून सांगायला हवं होतं. पण एक वाजून गेला होता, पीठ अजून मळायचं होतं, बाई घाईत होत्या, आणि मला आयुष्यात कुणाला नको म्हणायची सवय नाही. मी वाटी नाकाशी नेली. वास चांगला होता. म्हटलं, "बरोबर हाय. पिठात रोजच्याएवढंच घाला."

वर्षभर टिकायची चटणी. तिच्यात मीठ सढळ असतं हे मला ठाऊक असायला हवं होतं. आमच्या घरीही तसंच घालतात.

पाव सुरेख फुगला. बाईंनी टकटक केलं, झाला म्हणाल्या. सगळ्या बसल्या. पहिल्या घासालाच सिस्टरचं तोंड थांबलं. त्यांच्या शेजारी बसलेलीनं पाण्याचा पेला उचलला. आणि बाई शांतपणे खात होत्या. अर्धा तुकडा संपवून म्हणाल्या, "आज मऊ झालाय न्हवं?"

"माझा तर झाक झालाय," मगदूमकाकू म्हणाल्या. त्यांच्या पावात चटणी नव्हती.

सिस्टर बाईंकडं बघत होत्या. दवाखान्यात माणसाकडं बघत असतील तसं. "काय गं, तुला खारट लागत न्हाय? आख्खं मिठागर वतलंयस की ह्यात."

बाईंचा हात ताटलीवर तसाच राहिला. मला वाटलं आता आपण काही केलं नाही तर बाई गेल्या. मी दारातून पुढं आले. त्या घरात मी चौघींसमोर पहिल्यांदाच बोलले.

"चूक माझी हाय. आज माझी संकष्टी. मी चव बघितली न्हाय, तशीच बरोबर हाय म्हटलं."

सिस्टर माझ्याकडं वळल्या. "तू कशाला चव बघायचीस? पाव तिचा हाय की."

बाईंना वाचवायला गेले आणि मीच त्यांना उघडं केलं.

बाईंनी ताटली बाजूला सारली. "तिची जीभ माझ्याकडं उसनी हाय," त्या म्हणाल्या. आणि सगळं सांगितलं, तापापासून नासलेल्या दुधापर्यंत.

"सगळा जन्म वॉर्डात काढला मी," सिस्टर म्हणाल्या, "आणि माझ्यापासनं लपवलंस." त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक ऐकला. त्यांनी पर्समधून फोन काढला. बाईंच्या मुलाचा नंबर त्यांच्याकडं होता, हे सगळ्यांना माहीत होतं.

"सिस्टर, फोन ठेव," बाई म्हणाल्या.

"गप बस. गजर लावतीया." त्यांनी चष्मा वर केला. "सकाळी सात आणि रात्री नऊ. मी फोन करणार, तू उठून शेगडी बघणार आणि बंद हाय म्हणून सांगणार. दुधाचं पातेलं रोज हिनं हुंगायचं. एक दिवस फोन उचलला न्हाईस तर दुसरा फोन पुण्याला."

बाईंनी पाण्याचा पेला त्यांच्यापुढं सरकवला. मग म्हणाल्या, "बघूया की, काय हुतंय ते."

"बघतीस काय, करायचंय." आणि सिस्टर माझ्याकडं वळल्या. "आणि तू. दारात कशाला उभी ऱ्हातीस खांबागत? बस हितं."

"उपास हाय माझा."

"मग पाणी पी. पण बस."

मी बसले. बाईंनी त्या दिवशी वहीत स्वतः लिहिलं. त्या पानावर त्यांचं सुंदर अक्षर आहे: नेसरीची चटणी असेल तर पिठात मीठ नको. खाली लिहिलंय: आधी पंचांग बघावं.

बाई पुण्याला गेल्या नाहीत. पुढं तीन वर्षं रोज सात आणि नऊला फोन वाजला. एका सकाळी सातचा उचलला गेला नाही. सिस्टर रिक्षानं माझ्याआधी पोचल्या होत्या. बाई झोपेतच गेल्या, आपल्या घरात, आपल्या पलंगावर. शेगडी बंद होती. सिस्टरनी आधी ती बघितली, असं त्यांनीच मला सांगितलं.

दिवस झाल्यावर मुलगा घर आवरायला थांबला होता. गुरुवार होता. कुणी ठरवलं नव्हतं, पण चार वाजता सगळ्या आल्या. मी सकाळीच चटणी चाखली आणि बेतानं मीठ घालून पीठ मळून ठेवलं होतं. दुपारी चटणी लावली, पीळ घातला. पाव काढल्यावर उलटा करून टकटक केलं आणि कान लावला. आतून पोकळ आवाज आला.

मुलानं पहिला तुकडा खाल्ला आणि थांबला. डोळे पुसून म्हणाला, "अगदी आईच्या हातचा. मी यायचो तेव्हा मीठ कधी कमी नाही, कधी जास्त नाही. आईला चवीचं फार कळायचं."

मगदूमकाकूंनी खाली बघितलं. टेबलाखाली सिस्टरनी माझा हात दाबला.

"व्हय बाळा," त्या म्हणाल्या. "लई धारदार जीभ होती तिची."

मी आता बसूनच होते. त्याच्या ताटलीत आणखी एक तुकडा ठेवला.