दगडाची हिरवी बाजू

“माय गेली, गुरुजी. तापात.” सगुणाबाईच्या मुलाने शाळेच्या दारात उभं राहून एवढंच सांगितलं आणि तो माघारी फिरला. त्याच दिवशी दुपारी रस्त्याच्या कामावरचे साहेब भेटले. मी त्यांना सांगितलं, तर म्हणाले, “अरेरे! बरी होती हो बिचारी. पण अगदीच अडाणी.” मी मान डोलावून वर्गाकडे निघालो. आज महिना झाला, तो ‘अडाणी’ शब्द अजून डोक्यातून जात नाही. म्हणून हे लिहितो आहे.

नागभीडच्या शाळेत विज्ञान शिकवायला नवाच लागलो होतो तेव्हाची गोष्ट. शाळेच्या कपाटात ठेवायला मासे हवे होते, म्हणून बाटली घेऊन गावाबाहेरच्या नाल्यात उतरलो. धारेतले दगड उचलायचे, खाली बघायचं आणि बाजूला फेकायचे, असं चाललं होतं. खालच्या अंगाला हातजाळं घेऊन मासे धरणारी एक ढिवरीण ओरडली, “ओ गुरुजी! कोनाच्या घराचं छप्पर काढून फेकून राह्यले तुमी?” तरातरा आली. मी फेकलेला एकेक दगड तिने उचलून जिथल्या तिथे ठेवला, शेवाळाची हिरवी बाजू वर करून. ती सगुणाबाई.

त्या दगडांखाली बोटभर लांबीचा, अंगावर काळसर पट्टे असलेला मासा राहतो. तोंडाशी बारीक मिशा, पोट चपटं. माझ्या पुस्तकात त्याच्याबद्दल दीड ओळ होती. बाकीचं सगुणाबाईने शिकवलं. तो धारेकडे तोंड करून दगडाला चिकटून असतो, अळ्या खातो, पाणी चढू लागलं की खड्यांच्या फटीत अंडी घालतो. त्या अंड्यांवर गाळ बसला की ती गुदमरतात. उन्हाळ्यात नाला आटला की ओल्या रेतीत शिरून जीव धरून राहतो. “दगड हाय तं मासा हाय,” ती म्हणायची. तो मासा ती कधी धरत नसे. मोठ्या माशांचं ते खाणं, ते संपलं तर आपण काय धरायचं, हा तिचा सरळ हिशेब. याला साहेब अडाणीपणा म्हणतात!

पुढे रस्ता मंजूर झाला. गिट्टीसाठी नाले खणणार अशी कुणकुण लागली आणि मी, शिकलेला माणूस, शहाणपणा करायला गेलो. साहेबांना अर्ज लिहिला, वळणदार अक्षरात. अमुक नाल्यात, आंब्याच्या वळणावर, गाळ नसलेले, टणक, घागरीएवढे दगड आहेत. तिथे दुर्मीळ मासा आहे. तेवढी जागा सोडावी. साहेबांनी मासा वाचलाच नाही. दगड तेवढे वाचले. आठवड्याभरात बैलगाड्या आंब्याच्या वळणावर उभ्या राहिल्या. मी साहेबांकडे धावलो, तर हसून म्हणाले, “मास्तर, तुमच्यामुळे आमची शोधाशोध वाचली.”

सगुणाबाई शाळेत आली, उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. “त्याईले जागा काऊन सांगतली, गुरुजी?”

मी अर्जाचं सांगू लागलो. तिने हात वर करून मला थांबवलं. “मी इतके साल कोनाले सांगतली नाई.” त्यानंतर कित्येक महिने ती माझ्याशी बोलली नाही. बरोबरच केलं तिने. साहेबांचा राग येतो, पण माझा स्वतःचा जो येतो तो काही केल्या उतरत नाही.

शेवटची भेट यंदाच्या उन्हाळ्यातली. रस्त्याकडेच्या ढिगातून, फुटायच्या आधी, एक दगड उचलून ती माझ्या घरी आली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर दगड. “हा वरच्या धारेतला. मले याची वळख हाय. नाल्याचं पानी साफ झालं का परत ठेवजा. हिरवी बाजू वर.”

नाला अजून साफ झालेला नाही. परवाच पाहून आलो. आंब्याच्या वळणावर गुडघाभर गाळ आहे.

दगड शाळेत माझ्या टेबलावर असतो. शेवाळ केव्हाच वाळलं, नुसता पिवळट डाग उरलाय. काल शिपायाने टेबल पुसलं आणि दगड उलटा ठेवला. मी भर वर्गात त्याच्यावर ओरडलो. बिचारा घाबरून म्हणाला, “पर गुरुजी, त्याच्या खाली तं काईच नाई...”

मी दगड सुलटा केला. खाली खरंच काही नव्हतं.